घराला साजेसा कुत्रा : निवाऱ्यातून भूमच्या अंगणात
लेखमाला ‘माणसाच्या सोबतीचे प्राणी’, लेखांक सहावा

निवारा केंद्र म्हणजे मालक नसलेल्या, जखमी झालेल्या किंवा मालकाने सोडून दिलेल्या प्राण्यांना ठेवून घेणारी संस्था, आणि तेथील कुत्रा दत्तक घेणे म्हणजे त्या प्राण्याच्या उरलेल्या सर्व आयुष्याची जबाबदारी एका कुटुंबाने पत्करणे. पुण्या-मुंबईत या दोन्ही गोष्टी आता परिचयाच्या झाल्या असल्या, तरी धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी कुत्रा घरात येतो तो बहुधा वेगळ्या वाटेने. गल्लीतल्या कुत्रीला पिल्ले होतात, त्यांतले एखादे मुले उचलून आणतात आणि घरातील मोठी माणसे ते नाइलाजाने स्वीकारतात. या लेखांकात विचार करावयाचा आहे तो या दोन्ही वाटांना समान असलेल्या प्रश्नाचा, म्हणजे कोणत्या घराला कोणता कुत्रा मानवेल आणि ते आधी कसे ओळखावे, याचा.

महाराष्ट्रातील निवाऱ्यांचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण आज निवाऱ्यात कोणते कुत्रे आढळतात हे त्यातूनच ठरले आहे. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात, बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजातून मोठा उठाव झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली आणि १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था त्याच शहरात स्थापन झाली. कुत्री मारण्याची पद्धत मात्र पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. केंद्र सरकारने २००१ मध्ये केलेल्या आणि १० मार्च २०२३ रोजी नव्याने जारी केलेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण, म्हणजे शस्त्रक्रियेने प्रजननक्षमता काढून टाकणे, आणि रेबीजची लस हा मार्ग ठरवून दिला. तसेच शस्त्रक्रिया झालेला कुत्रा जेथून पकडला तेथेच परत सोडावा असे बंधन घातले. म्हणून धडधाकट गावठी कुत्रा निर्बीजीकरण केंद्रात जखम भरेपर्यंतच राहतो, आणि स्वयंसेवी संस्थांच्या निवाऱ्यात दीर्घकाळ राहतात ते प्रामुख्याने अपघातात सापडलेले, आई गमावलेले, किंवा हौसेने विकत घेऊन नंतर सोडून दिलेले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमी नागरिकांना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाल्यामुळे, निवारा आणि दत्तक हे विषय नगर परिषदांच्याही दारात आले आहेत.

दत्तक घेण्याचा विचार मनात आल्यावर बहुतेक कुटुंबे कुत्र्याकडे पाहू लागतात, परंतु पाहणी सुरू व्हावयास हवी ती घरापासून. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या भूम तालुक्यात किमान चार प्रकारची घरे आढळतात आणि त्या प्रत्येकाची गरज निराळी आहे. बाजारपेठेतील घरात पुढे दुकान, मागे राहती जागा आणि दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा असल्यामुळे तेथे अनोळखी माणसावर न भुंकणारा, आवाजाला न दचकणारा कुत्रा हवा. शेतवस्तीवरील घरात राखण हवी असते, पण त्याच आवारात शेळ्या, कोंबड्या आणि गोठ्यातली वासरे असल्याने पाठलागाची ओढ कमी असलेलाच कुत्रा तेथे टिकतो; शिवाय उसाच्या फडांतून बिबट्या वावरत असलेल्या भागात रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य होय, म्हणून बंद होणारी जागा नसेल तर अशा वस्तीवर कुत्रा आणणे हा त्या प्राण्यावरच अन्याय आहे. बदलीच्या नोकरीतील शिक्षक किंवा कर्मचारी यांचे घर बहुधा भाड्याचे असते आणि पुढील गावातील घरमालक कुत्रा ठेवू देईल की नाही, हे आधी ठरवता येत नाही. चौथा प्रकार उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जाणाऱ्या कुटुंबांचा. त्यांचा कुत्र्यावरचा जीव खरा असला, तरी सहा महिने गावात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो झेपेल का, हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये; आणि कुत्रा बैलगाडीबरोबर न्यावयाचा असेल, तर फडावर पाणी, सावली व लसीकरण यांची सोय कोण पाहणार तेही ठरलेले असावे.

कुत्रा साधारणपणे बारा ते पंधरा वर्षे जगतो. ज्या घरात आज मुलगी सहावीत आहे, तेथे ती शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यानंतरही तो असणारच, आणि त्याचे खाणे, फिरणे व औषधपाणी बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येणार. तेव्हा या निर्णयात तिचा शब्द शेवटचा असावा. धाराशिव हा पाणीटंचाईचा जिल्हा आहे हेही विसरता येत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने तो शरीर थंड ठेवतो, आणि त्यामुळे टँकरची वाट पाहणाऱ्या उन्हाळ्यातही त्याच्यासाठी सावली आणि भरलेले भांडे अढळ ठेवावे लागते.

जात पाहून स्वभावाचा अंदाज बांधण्याची सवय सर्वत्र आहे आणि मराठवाड्यात तिला स्थानिक अभिमानाची जोड मिळालेली आहे. सडपातळ बांध्याचा, लांब पायांचा, दृष्टीने सावज टिपून धावणारा कारवानी आणि त्याचाच केसाळ भाऊबंद पश्मी हे येथील कौतुकाचे कुत्रे. त्यांची धाव पाहून मोहात पडलेल्या घराला पुढे शेळीच्या करडामागे धावणारा कुत्रा आवरत नाही, असे घडू शकते. तथापि, जातीवरून एकेका कुत्र्याचा स्वभाव सांगता येतो ही समजूत फार मर्यादित अर्थानेच खरी आहे. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी यांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; त्यानुसार कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के भाग जातीने स्पष्ट होतो. उरलेला भाग त्या त्या प्राण्याचा स्वतःचा, त्याच्या बालपणाचा आणि त्याला भेटलेल्या माणसांचा असतो.

बालपणाचा उल्लेख येथे विशेष अर्थाने केला आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसे, इतर प्राणी, आवाज आणि जागा यांना ‘ओळखीचे’ म्हणून मनात नोंदवते. या अवधीला समाजीकरणाचा काळ म्हणतात. या काळात माणसाचा हात न लागलेले पिल्लू पुढे बुजरे राहण्याची शक्यता मोठी असते, तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरणे भावंडांकडून पुरेसे शिकत नाही. यावरून पिल्लूच आणावे असा निष्कर्ष काढला जातो, पण तो घाईचा आहे. लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणे, रात्री उठून बाहेर नेणे आणि सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लशी द्याव्या लागतात. रक्ती हगवण लावणारा पार्व्हो विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून ज्या घरात आधीचे पिल्लू त्याने दगावले तेथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये. याउलट दोन-तीन वर्षांच्या प्रौढ कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि खोड्या समोर दिसत असतात. ज्या घरात रांगते मूल आहे, किंवा काठी टेकून चालणारे आजोबा आहेत, अशा घरासाठी निर्बीजीकरण झालेला, शांत, प्रौढ गावठी कुत्रा हीच सर्वांत सुरक्षित निवड होय; निवाऱ्यात मागणी मात्र नेमकी त्यालाच कमी असते.

कुत्र्याची पारख एका भेटीत होत नाही. पिंजऱ्यांच्या रांगेतला गोंगाट, अनोळखी वास आणि कोंडलेपण यांमुळे तेथे जोरात भुंकणारा कुत्रा घरी शांत असू शकतो आणि कोपऱ्यात गप्प बसलेला कुत्रा शांत नसून भेदरलेला असू शकतो. काही निवाऱ्यांत जेवणाच्या ताटलीत नकली हात घालून कुत्रा चावतो का हे पाहण्याची चाचणी घेतात, पण अशा एकाच चाचणीवरून पुढील वर्तन खात्रीने सांगता येत नाही, हे आता अभ्यासकांनी मान्य केले आहे. म्हणून भेट पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत आणि शक्य तर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा घ्यावी. माणसाने वाकून थेट डोळ्यांत न पाहता बाजूला बसावे आणि कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. सैल अंगाने, शेपूट मध्यावर ठेवून हुंगत येणारा आणि हात थांबताच पुन्हा हात मागणारा कुत्रा माणसांत रमणारा असतो. ओठ पुन्हा पुन्हा चाटणे, विनाकारण जांभया, कान मागे पाडणे, शेपूट पोटाखाली घेणे या भीतीच्या खुणा, आणि शरीर एकदम ताठ होऊन नजर खिळणे ही थांबण्याची सूचना होय. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरील कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी खाऊपेक्षा प्रेमाने कुरवाळणे अधिक उपयोगी ठरते, आणि गावठी कुत्र्याविषयी सहसा न सांगितली जाणारी ही गोष्ट दत्तक घेणाऱ्या कुटुंबाने जरूर ध्यानात ठेवावी.

निवाऱ्याची तयारी असेल तर दोन-चार दिवसांसाठी तात्पुरते पालक होणे, म्हणजे अंतिम होकाराआधी कुत्रा घरी ठेवून पाहणे, हा उत्तम मार्ग आहे. अमेरिकेतील पाच निवाऱ्यांमधील २०७ कुत्र्यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी काढलेल्या दोन रात्रींत त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक कमी झाल्याचे दिसले. घरातील शेळ्या-कोंबड्यांशी ओळखही याच दिवसांत, पट्टा हातात धरून आणि दुरून करून द्यावी.

आरोग्याबाबत तडजोड नको. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, त्यानंतर बलवर्धक मात्रा आणि पुढे दरवर्षी लस, तसेच जंताचे औषध आणि गोचीड निर्मूलन हे पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करूनच व्हावे. रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पाळलेला, लस दिलेला कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन सरकारी रुग्णालय गाठावे, हळद-चुना लावीत बसू नये. निर्बीजीकरणाचे येथे आणखी एक कारण आहे. धाराशिव-सोलापूरच्या माळरानांवर लांडगा राहतो, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर जनुकीय चाचणीने सिद्ध झालेला आहे; मोकाट फिरणारा, लस नसलेला, प्रजननक्षम पाळीव कुत्रा या दुर्मीळ होत चाललेल्या वन्यप्राण्याला रोग आणि संकर दोन्ही देतो.

माळकरी किंवा जैन घरांतून, विशेषतः कुंथलगिरीसारखे जैन सिद्धक्षेत्र ज्या तालुक्यात आहे तेथे, मांस न देता कुत्रा पाळता येतो का, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर होकारार्थी आहे, पण काळजीपूर्वक. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी अधिक प्रती असतात, हे २०१३ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने दाखवले; माणसाच्या वस्तीत राहून तो भाकरी पचवू लागला. तरीही नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. शिजवलेली डाळ, दही किंवा ताक, आणि घराला चालत असेल तर अंडे यांची जोड हवी, आणि आहार पशुवैद्यकाला दाखवून घ्यावा. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कुंथलगिरीच्या खव्याचा अभिमान सर्वांना असला, तरी खवा आणि पेढा हे त्याचे खाद्य नव्हे.

घरी आलेला कुत्रा पहिले काही दिवस कमी खातो, लपतो किंवा सतत मागे फिरतो; काही आठवड्यांत घराची वेळापत्रके त्याला कळतात आणि खरा स्वभाव उघड होण्यास सुमारे तीन महिने लागतात. या अवधीत त्याला पाहुण्यांच्या गराड्यात ढकलू नये आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे आणि भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे तिन्ही गुन्हे आहेत. न जमल्यास कुत्रा घाटात सोडण्याऐवजी निवाऱ्याला परत कळवणे, हेच योग्य.

भाद्रपदाच्या आसपास माजावर आलेल्या कुत्र्या सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत वितात, आणि भूमच्या गल्ल्यांत पिल्ले दिसू लागतात ती त्याच दिवसांत. भद्रा यांच्याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात रस्त्यावरील शंभरातील जेमतेम एकोणीस पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगल्याचे आढळले आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिकांचा संबंध माणसाशी होता. म्हणून ज्या कुटुंबांना यंदा पिल्लू घरी न्यावयाचे असेल, त्यांनी ते आठ आठवड्यांचे झाल्यावरच न्यावे, आणि गल्लीतील चार घरांनी मिळून नगर परिषदेकडे किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी मागणी करून त्या पिल्लाच्या आईचे निर्बीजीकरण व लसीकरणही करवून घ्यावे, ही वाचकांना विनंती आहे.