आधी आकसते, मग फुगते

चंदगड-राधानगरीच्या सड्यांवरचा तांबूस बॉक्साइट वर्षानुवर्षे ट्रकांतून बेळगावला आला. यमनापूरच्या कारखान्यात (पूर्वीचे इंडाल, आताचे हिंडाल्को) तो कॉस्टिक सोड्यात उकळून लोह लाल गाळात टाकले जाते आणि पांढरे हायड्रेट वेगळे निघते. लोकांना त्यातून अ‍ॅल्युमिनियमची भांडीच आठवतात. पण बेळगावच्या अ‍ॅल्युमिनाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सिरॅमिक आणि भट्टीच्या विटा.

हायड्रेट भाजले की जवळपास 35 टक्के वजन पाणी होऊन उडते आणि अ‍ॅल्युमिना उरतो. 1100-1200 अंशांपुढे उरलेल्या छिद्राळ पावडरीची कोरंडमसारखी घट्ट रचना होते, घनता 2.4 वरून 4 च्या आसपास जाते.

पुढचे काम सिंटरिंगचे. अ‍ॅल्युमिना वितळतो 2050 अंशांच्या सुमारास, पण 1600-1700 अंशांतच कण एकमेकांना चिकटतात. जिथे ते टेकलेले असतात तिथे अणू सरकत येतात, सांधा जाड होतो, मधली पोकळी मिटत जाते. दाबून घडवलेल्या विटेत 40 टक्के पोकळी असेल आणि ती पुरती मिटली, तर 230 मिलिमीटरची वीट 194 वर येईल. अशा विटेचे माप कोण सांभाळणार? म्हणून आधीच कडक भाजलेले जाड दाणे घेतात आणि बारीक पावडर फक्त फटींपुरती घालतात. प्रक्रियेतून मागे राहिलेला सोडा इथे नडतो: थोडाही उरला तरी त्याचे हलके संयुग बनते आणि घनता वाढू देत नाही. कमी सोड्याच्या मालाला भाव मिळतो तो यासाठी.

सिलिका जोडीला असली की गंमत उलटी. 60-70 टक्के अ‍ॅल्युमिनाच्या बॉक्साइट विटेत भाजताना म्युलाइट (अ‍ॅल्युमिना-सिलिकाचे संयुग) तयार होते आणि वीट आकसण्याऐवजी फुगू शकते. कच्चा माल नीट भाजलेला नसेल, तर ही फुगवट गिऱ्हाइकाच्या भट्टीत निघते.

औष्णिक प्रसरण ही मात्र वेगळी गोष्ट. ते दर वेळी होते आणि भट्टी निवली की परत जाते. शुद्ध अ‍ॅल्युमिना दर अंशाला मीटरमागे सुमारे 8 मायक्रॉन वाढतो. पाच मीटरची भिंत 1300 अंशांनी तापली तर पाच सेंटिमीटर. म्हणून गवंडी विटांच्या मध्ये पुठ्ठा ठेवतात. तो जळतो आणि वाढीला जागा मिळते. म्युलाइटची वाढ अ‍ॅल्युमिनाच्या दोन-तृतीयांशच. त्यामुळे रोज पेटणाऱ्या-विझणाऱ्या भट्टीत 90 टक्क्यांची महागडी वीट तडकते आणि 60-70 टक्क्यांची टिकते, असे पुष्कळदा होते. नुसती टक्केवारी बघून खरेदी करणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येते.