‘लेकरू काहीच खात नाही’ : मुलं जेवणाला नाही का म्हणतात आणि कमी खर्चात त्यांचं ताट कसं भरायचं?

‘आमचं लेकरू काहीच खात नाही हो.’

छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहा, वाळूजला राहा नाहीतर जुन्या शहरात, लहान मूल असलेल्या घरात हे वाक्य ऐकायला मिळतंच. बहुतेक वेळा ते आई म्हणते, आणि म्हणताना तिच्या आवाजात थोडा अपराधीपणा असतो. कारण मूल जेवलं नाही की घरातले सगळे तिच्याकडेच बघतात.

पण नीट पाहिलं तर ‘काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या घरातलं लेकरू दिवसभरात बरंच काही खात असतं. सकाळी चहासोबत टोस्ट किंवा खारी. अकरा वाजता बिस्किटं. दुपारी दोन घास वरणभात. चारला कुरकुरे. संध्याकाळी ग्लासभर दूध आणि त्यात चॉकलेटची पावडर. रात्री ताट समोर आलं की मान फिरते, कारण पोटात जागाच उरलेली नसते.

मग हा प्रश्न लाडाचा आहे, सवयीचा आहे की पैशांचा? एकेक मुद्दा पाहू.

प्रश्न किती गंभीर आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोड आहेत. आणि ६ महिने ते ५ वर्षं वयातल्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता म्हणजे ॲनिमिया आहे.

शेवटचा आकडा परत वाचा. दहातली जवळपास सात मुलं. म्हणजे हा फक्त गरीब वस्त्यांचा प्रश्न नाही. ज्या घरात डबाभर बिस्किटं आहेत, त्या घरातल्या लेकराच्या रक्तातही लोह कमी असू शकतं. पोट भरलेलं असतं, पण शरीराला हवं ते मिळालेलं नसतं.

मुलं नखरे का करतात?

याची दोन कारणं निसर्गाचीच आहेत.

पहिलं म्हणजे भूकच कमी होते. जन्माच्या वेळी असलेलं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी मात्र वजन जेमतेम अडीच किलोने वाढतं आणि त्यानंतर वर्षाला दोन किलोच्या आसपास. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. आईबाप मात्र मागच्या वर्षीच्या भुकेचाच हिशेब धरून बसलेले असतात.

दुसरं कारण म्हणजे नव्या पदार्थाची भीती. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं अनोळखी चव, रंग आणि वास टाळतात. विशेषतः कडवट आणि हिरव्या भाज्या. हा हट्टीपणा नाही, वाढीचाच टप्पा आहे.

बालआहारावरचे अभ्यास सांगतात की नवा पदार्थ स्वीकारायला मुलाला तो ८ ते १५ वेळा समोर यावा लागतो. आपण काय करतो? तीन-चार वेळा देतो आणि ‘याला मेथी आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो. मग घरात मेथी झाली की त्याच्यासाठी नूडल्स वेगळे. खरं तर तेव्हा मेथीची परीक्षा संपलेलीच नसते.

कोणी काय ठरवायचं?

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी एक साधी वाटणी सांगितली आहे, जी आज जगभरातले बालरोगतज्ज्ञ वापरतात. काय खायचं, कधी खायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे लेकराने ठरवायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. काय बनवायचं हे चार वर्षांचं पोरगं ठरवतं आणि किती खायचं हे आजी ठरवते. मग मोबाइल समोर ठेवून, बागुलबुवाची भीती दाखवून घास कोंबले जातात. मोबाइल बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि खाल्लेल्या पदार्थाची चवही लक्षात राहत नाही. त्यामुळे उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ताटात किती वाढायचं याचाही एक ढोबळ हिशेब आहे : जेवढं वय, तेवढे मोठे चमचे. तीन वर्षांच्या मुलाला भाताचे तीन, वरणाचे तीन, भाजीचे तीन चमचे. कमी वाटतं ना? पण सुरुवात इतकीच हवी. भूक असेल तर ते परत मागेल.

वेगळा स्वयंपाक करायचा नाही

खर्च आणि कष्ट दोन्ही वाढतात ते मुलांसाठी वेगळं शिजवल्यामुळे. उपाय एकच, सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक आणि लेकराची वाटी तिखटाआधी बाजूला.

मराठवाड्यातला स्वयंपाक तिखट असतो. येसर, काळा मसाला, हिरव्या मिरचीचा ठेचा. अनेक मुलांचा भाजीला विरोध नसतोच, तो तिखटाला असतो. म्हणून वरण, उसळ, भाजी शिजली की त्यात तिखट-मसाला घालण्याआधी लेकराचा वाटा काढून घ्या. त्याला जिरं, हळद, चमचाभर तूप पुरे. दर आठवड्याला एखादा दाणा मसाला वाढवत गेलं की वर्षभरात पोरगं घरच्या चवीवर येतं.

दुसरी गोष्ट, ताटात एक पदार्थ त्याच्या हमखास आवडीचा ठेवा. भात असेल, दही असेल, केळं असेल. त्याच्या शेजारी नवा पदार्थ चमचाभर. खाल्ला तर ठीक, नाही खाल्ला तरी त्यावर चर्चा नको.

आपल्याच भागातले मुलांच्या आवडीचे पदार्थ

मुलांना पास्ता आवडतो म्हणून आपण महागडी पाकिटं आणतो. पण आपल्या घरातली वरणफळं किंवा चकोल्या म्हणजे दुसरं काय? उकळत्या वरणात सोडलेले कणकेचे तुकडे. त्यात किसलेलं गाजर, बारीक चिरलेला पालक सहज मुरतो. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे मुलांनाच कापायला द्या. स्वतः कापलेलं खाण्याची शक्यता वाढते.

हुलग्याचे शेंगुळे हाही तसाच पदार्थ. हुलग्यात प्रथिनं आहेत आणि लोहही चांगलं आहे. शेंगुळे वळणं हा मुलांसाठी खेळच असतो.

धपाटे तर मराठवाड्याची ओळख. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक आणि त्यात मेथी, कोथिंबीर, किसलेली काकडी किंवा दुधी. दह्यासोबत दिलं की जी मेथी भाजी म्हणून नको असते, ती इथे चालते. मात्र भाजी लपवून खाऊ घालणं हाच एकमेव मार्ग ठेवू नका. मेथी ओळखून खायला मूल शिकलं पाहिजे, म्हणून अधूनमधून ती भाजी म्हणूनही ताटात दिसू द्या.

मधल्या वेळेसाठी ज्वारीच्या लाह्या, उकडलेलं अंडं, शिकरण, शेंगदाण्याच्या कुटाचा गूळ घातलेला लाडू, तिळाची चटणी लावलेली पोळी. एक काळजी घ्या : पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट करूनच द्या.

भाकरीत नेमकं काय आहे?

ज्वारी आणि बाजरी ही आपली पिकं. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, ज्वारीत ४ च्या आसपास. नुसत्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं की प्रथिनांची बाजू पक्की होते.

यात आपल्या शहराचाही वाटा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इथल्या संशोधन केंद्रातून ‘एएचबी १२०० एफई’ आणि ‘एएचबी १२६९ एफई’ हे बाजरीचे जास्त लोह असलेले संकरित वाण आले. यातल्या दुसऱ्या वाणात किलोमागे ९१ मिलिग्रॅम लोह आहे. नेहमीच्या वाणांत ते ४५ ते ५० असतं. याच विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारीही आणली.

याचा खरंच उपयोग होतो का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा काही महिने देण्यात आली. त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला. कुठलं औषध नाही, फक्त भाकरी.

बाजारात बाजरी सुटी मिळते, वाणाचं नाव लिहिलेलं नसतं. ओळखीचा शेतकरी असेल तर विचारून बघा. नसेल तर साधी बाजरीही मैद्याच्या टोस्टपेक्षा कितीतरी चांगली.

आणि चहा?

इथेच अनेक घरांत घोळ होतो. चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. म्हणजे आईने मेहनतीने बाजरी-मेथी दिली आणि लगेच बशीत चहा ओतून दिला तर अर्धी मेहनत वाया. ‘आयसीएमआर’च्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, तेही मोठ्यांना. लहान मुलांना चहाची गरजच नाही.

उलट लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. वरणावर लिंबू पिळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुधाचंही तसंच. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाची जेवणाची भूक मरते आणि दुधात लोह जवळपास नसतं. त्यात मिसळायच्या पावडरींबद्दल एवढंच : एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटा आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या गटातून काढायला सांगितलं. कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही.

पैशांचा हिशेब

रोज १० रुपयांची दोन पाकिटं धरली, एक बिस्किटाचं आणि एक कुरकुऱ्यांचं, तर महिन्याला ६०० रुपये होतात.

त्याच ६०० रुपयांत साधारण काय येतं? ७ रुपयांप्रमाणे ३० अंडी म्हणजे २१० रुपये. एक किलो शेंगदाणे १४० च्या आसपास. अर्धा किलो गूळ ३० रुपये. उरलेल्या पैशांत चारेक डझन केळी. भाव हंगामानुसार खालीवर होतात, पण गणित फार बदलत नाही. अंडं खात नसाल तर त्या पैशांत मटकी, हरभरा आणि दही.

भाजीसाठी हंगाम धरा. जाधववाडी किंवा औरंगपुऱ्याच्या मंडईत ज्या भाजीचे ढीग लागलेत, तीच त्या आठवड्याची स्वस्त आणि ताजी भाजी.

शाळेत जेवतं, तेवढं पुरे नाही का?

पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. धान्य सोडून बाकी साहित्यासाठी १ मे २०२५ पासून मुलामागे ६ रुपये ७८ पैसे मिळतात.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि अंडं लोकसहभागावर सोडलं गेलं. म्हणजे शाळेचं जेवण हा मोठा आधार आहे, पण ते एका वेळचं जेवण आहे. प्रथिनांची बाकी भरपाई घरीच करावी लागते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

नखरे करणारं मूल खेळतंय, वजन वाढतंय, तर घाबरायचं कारण नाही. पण वजन काही महिने वाढलंच नाही, मूल सतत थकलेलं किंवा पांढरं फटक दिसतंय, माती-खडू खातंय, गिळताना ठसका लागतोय, किंवा मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच खात नाही, तर वाट बघू नका. अंगणवाडीत वजन करून वाढीच्या तक्त्यावर पाहता येतं. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लोहाचं औषध आणि वयानुसार जंतनाशक गोळी सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते. आशाताईंना विचारा.

थोडक्यात काय, तर सुरुवात उद्या दुपारपासून करता येते. जेवणाआधीचे दोन तास खाऊचा डबा बंद. चहा बंद. सगळ्यांसोबत ताट, त्यात तीन-तीन चमचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी लेकरू खाणार नाही, रडेलही. पाच-सहा दिवसांत भूक आपलं काम करायला लागते. तोपर्यंत घरातल्या बाकीच्यांनी एकच करायचं : आईला बोल लावायचा नाही आणि चोरून बिस्कीट द्यायचं नाही.