एका मिलिमीटरची किंमत

शेताची मोजणी असली की दोन्हीकडचे बांधकरी हजर असतात. फूटभर चूक झाली तर भांडण होतं, फार तर कोर्टकचेरी. पण फेरमोजणी मागता येते. भूमिगत कोळसा खाणीत मात्र बांध दिसत नाही, आणि भिंतीपलीकडे कधी कधी पाण्यानं भरलेली जुनी खाण असते.

आपल्या बेळगाव-निपाणीकडे कोळसा नाही. मराठी मुलखात तो चंद्रपूर-बल्लारपूरकडे, वर्धा खोऱ्यात सापडतो. अशा खाणीच्या पोटात जीपीएस चालत नाही. मग वरची दिशा खाली न्यायची कशी? एक जुनी पद्धत बघा. खाणीच्या उभ्या विहिरीत, म्हणजे शाफ्टमध्ये, दोन तारा ओळंबे बांधून सोडतात. त्या तारांना जोडणाऱ्या रेषेची दिशा वर मोजतात आणि तीच खाली धरून पुढचे रस्ते आखतात. समजा, तारांत ३ मीटर अंतर आहे. हवेच्या झोतानं एक तार १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १ किलोमीटरवर चूक सुमारे ३३ सेंटिमीटर होते, ३ किलोमीटरवर पुरा १ मीटर!

चुका तीन तऱ्हेच्या. ६ चा ९ वाचणं ही ढोबळ चूक. दुसऱ्यानं पुन्हा मोजलं की सापडते. टेप ताणलेली असेल तर प्रत्येक माप एकाच बाजूला चुकतं. ते पुन्हा मोजूनही कळत नाही, टेपच तपासावी लागते. तिसऱ्या बारीकसारीक चुका टळत नाहीत. म्हणून मोजणी फिरून पहिल्या खुणेवर आणतात आणि किती फरक पडला ते बघतात.

पण चूक आणि धोका एक नव्हेत. भोवती अखंड कोळसा असेल तर १ मीटरनं फारसं बिघडत नाही. पलीकडे पाणी असेल तर जीव जातात. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामातलं पाणी घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या क्वेक्रीक खाणीत नऊजण अडकले, कारण शेजारच्या बंद खाणीचा हाती असलेला नकाशा अपुरा होता. तीन दिवसांनी ते सगळे जिवंत निघाले.

म्हणूनच आपल्याकडे जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी आधी पुढं भोकं पाडून पाणी आहे का ते बघतात. नकाशा कितीही सुबक असो, तो कुणी, कधी आणि खाण बंद होण्याआधी किती दिवस काढला, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबायचं नसतं.