राजकीय पक्षांचे विलीनीकरण व पक्षमालमत्ताविषयक वाद

राजकीय पक्ष फुटला अथवा दुसऱ्या पक्षात विलीन झाला, म्हणजे त्याचे नाव, निवडणूक-चिन्ह, कार्यालये, निधी व दप्तर कोणाकडे राहावे, यासंबंधी उद्‌भवणारे न्यायालयीन वाद. पक्ष ही मूलतः सभासदांची ऐच्छिक संघटना असून कंपनीप्रमाणे तिला सहसा स्वतंत्र वैधिक व्यक्तित्व नसते. तिची मालमत्ता विश्वस्तांच्या, पदाधिकाऱ्यांच्या किंवा एखाद्या न्यासाच्या नावे असते. वादांचे मूळ येथेच आहे.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका निवाडा पक्षाचा नसून चर्चचा आहे. स्कॉटलंडमधील फ्री चर्चचे बहुसंख्य सभासद १९०० मध्ये युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चमध्ये मिसळले. अल्पसंख्य गटाने त्यास नकार दिला. मालमत्ता मूळ तत्त्वांसाठी न्यासरूपाने दिलेली असून बहुमताला ती अन्यत्र वळविता येत नाही, असे ठरवून हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९०४ मध्ये सर्व मालमत्ता त्या लहानशा गटास दिली. तिचा सांभाळ त्या गटाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून १९०५ मध्ये पार्लमेंटला कायदा करून तिची वाटणी करावी लागली.

भारतात चिन्हाचा वाद व मालमत्तेचा वाद यांचे मार्ग भिन्न आहेत. चिन्हाचा वाद निर्वाचन आयोग १९६८ च्या निवडणूक-चिन्ह आदेशान्वये सोडवितो. त्यातील पंधरावा परिच्छेद फुटीसंबंधी, तर सोळावा विलीनीकरणासंबंधी आहे. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली, तेव्हा बैलजोडी हे चिन्ह आयोगाने १९७१ च्या जानेवारीत जगजीवनराम यांच्या गटास दिले. ‘सादिक अली’ खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरून बहुमताची कसोटी मान्य केली. चिन्ह ही सहमालकांत वाटून घेण्याजोगी मालमत्ता नव्हे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. दिल्लीतील जंतरमंतर मार्गावरील कार्यालय मात्र संघटना काँग्रेसकडेच राहिले. चिन्ह एकाकडे व वास्तू दुसऱ्याकडे, हा प्रकार त्यामुळे भारतीय राजकारणास नवा नाही.

बहुमताची मर्यादा मेघालयातील ऑल पार्टी हिल लीडर्स कॉन्फरन्सच्या खटल्यात दिसून आली. मेंदीपाथर येथील अधिवेशनात १९७६ मध्ये कॅप्टन विल्यमसन संगमा यांच्या नेतृत्वाखालील बहुमताने काँग्रेसमध्ये विलीन होण्याचे ठरविले आणि आयोगाने पक्षाचे राखीव चिन्ह रद्द केले. पक्ष विसर्जित करण्याचा अधिकार त्या अधिवेशनास नव्हता. जाणारे जाऊ शकतात, परंतु त्यांच्या जाण्याने उरलेल्यांचा पक्ष संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ मधील निकालाचा आशय आहे. पक्षघटनेत विसर्जनाची तरतूद किती मोलाची असते, हे या खटल्यावरून कळते; तरीही बहुतेक पक्ष ती बाब मोघमच ठेवतात.

मालमत्तेचे स्वामित्व दिवाणी न्यायालयात ठरते. तातडीचा प्रश्न ताब्याचा असतो. चेन्नईतील अण्णा द्रमुक पक्षाच्या मुख्यालयात ११ जुलै २०२२ रोजी दोन गटांत दंगल झाली व महसूल अधिकाऱ्यांनी ते मोहोरबंद केले. मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून किल्ल्या पलानीस्वामी यांच्याकडे देण्यास सांगितले; सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या गटास दिले; परंतु दादर येथील शिवसेना भवन न्यासाच्या मालकीचे असल्याने ते त्या निर्णयाबरोबर गेले नाही. पक्षाची मालमत्ता शिंदे गटाकडे सोपवावी, अशी एका वकिलाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेटाळली.

‘विलीनीकरण’ हा शब्द संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत (१९८५) निराळ्या अर्थाने येतो. विधिमंडळ पक्षाच्या दोनतृतीयांश सदस्यांची संमती असल्यास ते अपात्रतेतून सुटतात. एकतृतीयांशांच्या फुटीला असलेली सवलत २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ मध्ये तो विलीनीकरण म्हणून ग्राह्य धरला. मात्र अशा विलीनीकरणाने मूळ पक्षाचे कार्यालय किंवा बँकेतील एक रुपयाही आमदारांबरोबर जात नाही.