ताण्याबाण्यावरचं तांबं

भिवंडीत कापडाचा सौदा रीड-पिकवर होतो. इंचाला उभे धागे किती, आडवे किती, सूत कोणत्या काउंटचं, एवढं कळलं की मुरलेला व्यापारी थान न बघताही भावाचा अंदाज सांगतो. त्याच्यापुढे हे एक कापड ठेवून बघावं : साधी वीण, इंचाला उभे साधारण 44, आडवे 32च्या आसपास, जाडी पाव मिलिमीटरहून कमी. सूत मात्र काचेचं. मागावर चढवण्याआधी या सुतालाही खळ द्यावी लागते, नाहीतर ते तुटतं. विणून झालं की कापड भट्टीत घालून ती खळ जाळून काढतात. धंद्यात या कापडाला नाव नाही, नुसता आकडा आहे, 7628. याचे आठेक थर इपॉक्सीत भिजवायचे, एकावर एक रचायचे, वर आणि खाली तांब्याचा पातळ पत्रा ठेवून गरम दाबयंत्रात दाबायचे. निघते ती 1.6 मिलिमीटर जाडीची हिरवट पाटी. तिचं नाव एफआर-4. मोबाइलच्या चार्जरपासून इस्पितळातल्या मॉनिटरपर्यंत बहुतेक उपकरणांचे सुटे भाग अशाच पाटीवर बसलेले असतात.

म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड, अर्थात पीसीबी, हे मुळात विणलेलं कापड आहे. जकार्डच्या भोकांच्या पत्त्यांतून संगणकाची कल्पना आली, ही गोष्ट भिवंडीतल्या शाळकरी मुलांनाही सांगून झाली आहे. ही दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त कामाची आहे. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात आजही ताण्याची दिशा कोणती हे बघूनच थर रचतात. एखादा थर आडवा पडला तर दाबयंत्रातून निघालेला बोर्ड पापडासारखा वाकडा होतो. अतिवेगवान सर्किटात तर विणीचा आणखी एक त्रास होतो. काचेच्या धाग्यावरून जाणारा संदेश आणि दोन धाग्यांमधल्या नुसत्या इपॉक्सीवरून जाणारा संदेश यांच्या वेगात फरक पडतो, म्हणून काही डिझाइनर आख्खं सर्किट ताण्याशी दहाएक अंश तिरकं ठेवतात. मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

भिवंडीला बोर्डाची गरज आहे ती वेगळ्या कारणाने. साधा यंत्रमाग लोखंड, लाकूड, चामडं आणि एक मोटर यांवर चालतो. तो बिघडला तर फिटर पाना घेऊन येतो आणि तासाभरात माग चालू. पण साध्या मागाच्या जागी रेपिअर माग येऊ लागले तशी प्रत्येक मागाला एक पेटी आली. बाणा तुटला की थांबवणारी, बीम किती सोडायचा आणि कापड किती ओढायचं ते ठरवणारी. ही पेटी बंद पडली की फिटरच्या पान्याला काम उरत नाही. बोर्ड काढून पाठवायचा, नवा येईपर्यंत माग उभा. माग उभा म्हणजे मजुरीही उभी, कारण इथे पैसे मीटरवर मिळतात.

असा मेलेला बोर्ड टेबलावर घेऊन नीट बघण्यासारखा असतो. वरून दिसतो तो तूस : कापसाचे बारीक तंतू, त्यात मुरलेलं मशीन ऑइल, सगळ्याचं मिळून नमद्यासारखं बसलेलं पांघरूण. ते ब्रशने काढलं की बहुतेकदा रिलेच्या पायांपाशी काळा डाग सापडतो. पावसाळ्यात हा तूस ओल धरतो आणि 230 व्होल्टच्या पायापासून शेजारच्या पायापर्यंत ठिणगीला वाट मिळते. ती वाट एकदा जळली की तिथे कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. दुसरा नेहमीचा रोग कनेक्टरजवळ असतो. मिनिटाला शंभराहून जास्त ठोके खाणाऱ्या यंत्रावर हा बोर्ड बसलेला, त्यामुळे जड भागांच्या पायाभोवतीच्या सोल्डरला गोल, केसाएवढी बारीक चीर पडते. भिंगाखाली ती स्पष्ट दिसते. सुटा भाग बदलूनही बोर्ड चालला नाही की दोष अशा चिरेत असण्याची शक्यता मोठी.

पीसीबी डिझाइन शिकायला बसलेल्याने सॉफ्टवेअर उघडण्याआधी असे पाचसहा मेलेले बोर्ड उघडून बघावेत, असं मला ठामपणे वाटतं. क्लासेसमध्ये उलटं चालतं. पहिल्याच तासाला माउस हातात, तिसऱ्या तासाला रंगीत त्रिमितीय चित्र. चित्र देखणं असतं, पण तो बोर्ड कुठे बसणार, तिथे काय उडतं, काय हादरतं, मोटर चालू होताना विजेचा दाब किती खाली येतो, हे विचारलेलंच नसतं.

हे तंत्र आलं कुठून तेही बघण्यासारखं आहे. पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा इंजिनिअर, छपाईच्या धंद्याचा अनुभव असलेला. 1936 साली नाझींच्या सावटाखालून तो इंग्लंडला आला आणि त्याच सुमारास त्याने एक रेडिओ बनवला, ज्यात तारांच्या जुडग्याऐवजी पाटीवर कोरलेलं तांबं होतं. तोवर रेडिओतली प्रत्येक तार हाताने जोडली जायची. आयस्लरने आपली युक्ती एका मोठ्या ब्रिटिश कंपनीला दाखवली, तेव्हा कंपनीने ती नाकारली. त्याने आत्मचरित्रात दिलेलं कारण असं की, तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात आणि काम बदललं तर त्यांना फिरवणंही सोपं जातं. 1943 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तंत्र मोठं झालं ते युद्धात, तोफगोळ्यांच्या निकटस्फोटक फ्यूजमुळे. मजूर स्वस्त आहे तोवर यंत्र कशाला, हा हिशेब भिवंडीच्या कारखानदाराला परका नाही. साधे माग इतकी वर्षं टिकले त्यात त्या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

दुसरा माणूस व्हिएन्नाचाच : जोसेफ गर्बर. नाझींच्या तावडीतून सुटून 1940 साली अमेरिकेत पोचलेला ज्यू मुलगा. डिझाइन पुरं झालं की कारखान्याला जी फाइल पाठवतात तिला आजही गर्बर फाइल म्हणतात, कारण तिचा ढाचा त्याच्या कंपनीच्या फोटोप्लॉटर यंत्रासाठी बनला होता. प्रकाशाच्या ठिपक्याने फिल्मवर रेघा काढणारं ते यंत्र. याच गर्बरने 1960च्या दशकाच्या अखेरीस तयार कपड्यांच्या धंद्यासाठी कापडाचे थर संगणकाच्या हुकमाने कापणारं यंत्र बनवलं. रेडिमेडच्या मोठ्या युनिटात ‘गर्बर’ म्हटलं की लोकांना कटिंग टेबलच आठवतं. बोर्डवाल्यांचा आणि कापडवाल्यांचा गर्बर एकच.

आता शिकायचं कसं. एक लहान बोर्ड घेऊ : पिक मोजणारा. साध्या मागाच्या क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक. शाफ्टच्या चाकाला लोहचुंबक, समोर हॉल सेन्सर, सेन्सरकडून येणारे ठोके मोजणारा मायक्रोकंट्रोलर, आकडा दाखवणारा डिस्प्ले आणि ठरलेले मीटर झाले की माग थांबवणारा रिले. इंचाला 52 पिकांचं कापड असेल तर एका मीटरला सुमारे 2047 पिक लागतात. मिनिटाला 130च्या वेगाने, एकदाही न थांबता, साधारण पावणेसोळा मिनिटं. इथे एक खोटा ठोका म्हणजे एक खोटा पिक, आणि मीटरवर मजुरी आहे म्हणजे चुकीचा आकडा कुणाच्या तरी खिशातून जाणार.

खोटे ठोके येतात कुठून? शेजारच्या मागाचा कॉन्टॅक्टर पडतो तेव्हा त्याच्या कॉइलमधून जो झटका निघतो तो सेन्सरच्या लांब वायरीवर चढतो. प्रोग्रॅममध्ये काही खोटे ठोके गाळता येतात, पण खरा बंदोबस्त बोर्डावर करायचा असतो. सेन्सरची वायर बोर्डात शिरते तिथेच एक रेझिस्टर आणि कपॅसिटर, मग ऑप्टोकप्लर, त्याच्या पलीकडे मायक्रोकंट्रोलर. मायक्रोकंट्रोलरच्या वीज घेणाऱ्या पायाला चिकटून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्या अंगावर 104 छापलेलं असतं आणि जो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘वन-ओ-फोर’ म्हणून मागायचा. चिकटून म्हणजे खरोखर चिकटून. दोन सेंटिमीटर लांब ठेवला तर असून नसल्यासारखा. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, तो विसरला तर रिले सुटतानाचा झटका स्वतःच्याच बोर्डाला मारतो.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक ग्राउंडची. त्यांना वाटतं प्रवाह पोचवला की काम झालं. पण गोदामात माल टाकायला गेलेली गाडी परत यावीच लागते, तसा प्रत्येक प्रवाह परततो. झटपट बदलणारा संदेश तर तांब्याच्या ज्या रेघेवरून, म्हणजे ट्रॅकवरून गेला त्याच्या बरोब्बर खालून परतायला बघतो. खाली अखंड तांबं असेल तर ठीक, मध्येच कुणी आडवा ट्रॅक टाकून ते कापलं असेल तर परतणारा प्रवाह लांब वळसा घेतो आणि त्या वळशाचा अँटेना होतो. म्हणून दुपदरी बोर्डात खालची बाजू शक्यतो सगळी ग्राउंडला द्यावी आणि वरच वाटा काढाव्यात. वरच्या वाटा अडल्या की नवशिका लगेच खाली उतरतो. अनुभवी माणूस आधी सुटे भाग सरकवतो, फिरवतो. लेआउटचा बहुतेक वेळ रेघा ओढण्यात जातो असं बाहेरून वाटतं, पण खरा वेळ भागांची जागा ठरवण्यात जायला हवा. जागा जमल्या तर रेघा आपोआप सुटतात.

तांबं मोजण्याची रीत कापडवाल्यांना आवडेल अशी आहे. ‘एक औंस तांबं’ म्हणजे एक चौरस फुटावर एक औंस पसरलेलं, जाडी सुमारे 35 मायक्रॉन. जीएसएममध्ये सांगायचं तर 305. या जाडीच्या पत्र्यावर एक अँपिअरला साधारण 0.3 मिलिमीटर रुंद ट्रॅक पुरतो, दहा अंश तापमानवाढ धरून. आपल्या काउंटरमध्ये सेन्सरकडे मिलिअँपिअरचंच काम आहे, तरी 0.3च ठेवावा. बारीक ट्रॅकने कुणाचं भलं होत नाही, दुरुस्तीच्या वेळी तो सोल्डरिंग आयर्नला चिकटून उखडतो. रिलेची 230 व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यात किमान सहा-आठ मिलिमीटर मोकळी जागा, आणि तुसाचा विचार करून मध्ये आरपार खाच. तूस खाचेवर पूल बांधू शकतो, पण पृष्ठभागावरची वाट तरी तुटते. शेवटी वर वार्निशसारखा लेप. खर्च थोडा, आयुष्य बरंच वाढतं.

पहिला बोर्ड घरी बनवावा की कारखान्यात पाठवावा, यावर दोन मतं आहेत. घरचा मार्ग जुना आहे. ठाण्याहून लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची पाटी आणि फेरिक क्लोराइडची पुडी. चकचकीत कागदावर लेझर प्रिंट, इस्त्रीने तो टोनर तांब्यावर उतरवायचा आणि पाटी द्रावणात हलवत ठेवायची. नको असलेलं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. हातावर, कपड्यावर, मोरीवर पिवळे-तपकिरी डाग पडतात ते जात नाहीत, आणि वापरलेलं द्रावण गटारात ओतायचं नसतं, त्यात तांबं असतं. आधीच रंगाच्या आणि साईझिंगच्या पाण्याने हैराण असलेल्या कामवारी नदीत ते जायला नकोच. एकदा हे करून बघावं, कारण तांबं खाल्लं कसं जातं ते दिसतं. दुसऱ्यांदा करण्याचं कारण मला दिसत नाही. आज लहान नमुना बोर्ड कारखान्यातून स्वस्तात करून मिळतात, भोकांच्या आत तांब्याचा मुलामा असलेले, आणि तो मुलामा घरी जमत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजायची गरज उरलेली नाही. कायकॅड हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर 1992 साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे जाँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. पुढे जिनिव्हाच्या सर्न या संशोधन केंद्राने त्यात मोठी भर घातली. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने कायकॅड आणि एनजीस्पाइस यांची सांगड घालून ईसिम बनवलं, म्हणजे सर्किट आधी संगणकावर चालवून बघता येतं, मग बोर्ड. त्याच संस्थेचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मराठीतही धडे देतो. रीतसर शिक्षण हवं असेल त्याला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातलं नायलिट आहे, जे पूर्वी सीईडीटी म्हणून ओळखलं जायचं. मूळ सीईडीटी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्विस मदतीने उभं राहिलं. तिथे काम केलेल्या वॉल्टर बॉसहार्ट यांचं पीसीबीवरचं पुस्तक 1983 साली टाटा मॅग्रॉ-हिलने काढलं आणि देशभरच्या पॉलिटेक्निकांत ते पोचलं. त्यातली काळी चिकटपट्टी लावून आर्टवर्क करण्याची पद्धत इतिहासजमा झाली आहे. ग्राउंड आणि भागांच्या मांडणीवरचं त्यातलं विवेचन मात्र अजून वाचावं.

फाइल पाठवण्याआधी डीआरसी चालवायचा असतो, म्हणजे नियमांची तपासणी. ट्रॅक जवळ आले का, भोक काठाला लागलं का, एवढंच तो सांगतो. रिलेचं फूटप्रिंट, म्हणजे त्याच्या पायांच्या जागांची आखणी, उलटं पडलंय की काय, हे त्याला कळत नाही. त्यासाठी लेआउट खऱ्या मापात कागदावर छापावा आणि कनेक्टर, रिले, डिस्प्ले हातात घेऊन कागदावर ठेवून बघावेत. पायांची चुकलेली मापं इथेच पकडली जातात.

राहिली पांढरी छपाई, सिल्कस्क्रीन. बहुतेक जण तिथे इंग्रजीत जे-1, जे-2 लिहून मोकळे होतात. भिवंडीच्या शेडमध्ये वायर जोडणारा माणूस मराठी, हिंदी, उर्दू किंवा पद्मानगरचा असेल तर तेलुगू वाचणारा असू शकतो. 2023 साली आलेल्या कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून कोणताही फाँट बोर्डावर वापरता येतो, त्यामुळे ‘सेन्सर’, ‘मोटर’, ‘230 व्होल्ट, हात लावू नका’ हे देवनागरीत छापता येतं. छपाईत साधारण 0.15 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ उमटत नाही, म्हणून जाड फाँट घ्यावा आणि अक्षराची उंची दोन मिलिमीटरच्या वरच ठेवावी, नाहीतर जोडाक्षरांची पोटं भरून जातात.