झाडावरचा ऊद, पाण्यातला ऊद

आज मी तुम्हाला माझ्या एका चुकीविषयी सांगणार आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी भीमेवर एक कविता लिहिली. तिच्यात एक उदमांजर डोहात बुडी मारते आणि मासा तोंडात धरून वर येते. करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावात मी ती वाचली. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क मच्छीमार जवळ आला आणि हळूच म्हणाला, "कविता झ्याक हाय भाई, पण उदमांजर झाडावर ऱ्हातंय. पाण्यात असतंय ते पाणमांजर."

चूक कशी झाली? आमच्या घरात दखनी बोलतात; माझे शिक्षण मात्र मराठीतून झाले. उर्दू-हिंदीत पाण्यातल्या या प्राण्याला ऊदबिलाव म्हणतात. बिलाव म्हणजे बोका. मी ऊद तसाच ठेवला आणि बोक्याचे मांजर केले. शब्द अस्सल मराठी निघाला, पण जनावर भलतेच आले. गंमत अशी, की या दोघांपैकी मांजर कोणीच नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गवारीत पाणमांजर एका कुळातले, उदमांजर दुसऱ्या, आणि आपली मनी तिसऱ्या. कवितेत मी नंतर शब्द बदलला. एक मात्रा वाढली, ती वाढू दिली.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. आपल्याकडच्या मोठ्या नद्यांत राहते ते मऊ, तुळतुळीत केसांचे पाणमांजर. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वा मीटरपर्यंत भरते, वजन सात ते अकरा किलो. बोटांमध्ये पडदे, शेपूट शेवटाकडे चपटी. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, खालची लव दाट. त्या लवेत हवा अडकून राहते, म्हणून तासभर पोहूनही कातडीला पाणी लागत नाही. याच लवेपायी जगभर या प्राण्याची शिकार झाली. २०१९ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली.

ते एकटे राहत नाही. अख्खे कुटुंब मिळून मासे घेरते, आपसात शिट्ट्या घालते, मग वाळूवर येऊन लोळून अंग कोरडे करते. बांगलादेशात नराइल भागातले कोळी तर पाणमांजरे पाळून त्यांच्याकडून मासे जाळ्यात हाकलून घेत आले आहेत. हे मी त्या मच्छीमाराला सांगितले तेव्हा तो हसला. "आमच्याकडं उलटं हाय. आमी जाळं लावायचं, त्यानं फाडायचं." तक्रार खरी आहे. नायलॉनचे जाळे फाटले की त्याचा आठवडा गेला. पण तक्रार करतानाही त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाण्यातून मुंडकी वर काढून ती कशी बघतात, हे त्याने मान ताणून दाखवले. रेडिओवरून ते दाखवता येत नाही, याचे वाईट वाटते.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. फुगवट्यात चिलापी वाढली, कोळ्यांची वस्ती वाढली. पुण्याकडून मुळा-मुठेचे सांडपाणीही त्यातच येते. खाली भीमेच्या पात्रातून वाळू उपसली जाते. वाळू आपल्या दृष्टीने बांधकामाचा माल, पण पाणमांजराचे अंग पुसायचे पंचे तिथेच असतात आणि पिल्ले वाढवायची बिळे त्याच काठात. भीमा पुढे कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेला पुढे मिळणाऱ्या तुंगभद्रेचा हंपीजवळचा पट्टा कर्नाटक सरकारने २०१५ साली पाणमांजरांसाठी राखीव केला. पाणमांजरांसाठी असा पट्टा देशात पहिल्यांदाच राखला गेला.

आता झाडावरच्या उदाकडे येतो. हे जरा जड जाते.

मी बारावीत होतो. आमच्या मोहल्ल्यामागे कब्रस्तान होते. एका नव्या कबरीची माती एका कोपऱ्यात उकरलेली दिसली आणि कबरबिज्जू आल्याची आवई उठली. कबरबिज्जू म्हणजे कबर उकरून मुडदा खाणारा. तीन रात्री पहारा झाला. चौथ्या रात्री लिंबाच्या झाडावर दोन डोळे चमकले. दगड, काठ्या, आरडाओरड. मी बॅटरी धरून उभा होतो. माझ्या उजेडाशिवाय नेम लागला नसता.

सकाळी पाहिले तर राखाडी-काळे, लांब शेपटीचे, मुंगसाहून थोराड जनावर. पोट फुटले होते. आत उंबरे होती, बियांसकट. शेजारचे एक काका पाहायला आले. ते म्हणाले, "बरं झालं, मसण्या ऊद मारला." म्हणजे आम्ही त्याला कबरीवरून नाव दिले होते आणि त्यांनी मसणावरून. आरोप एकच, फक्त जागा वेगळी.

ते होते उदमांजर. त्याचे मुख्य खाणे फळे. उंबर, जांभूळ, चिकू, शिवाय उंदीर, किडे, पाली. ताडी-शिंदीची चव त्याला ठाऊक असते. फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि रुजतात. पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले मिळतात, याच्या विष्ठेत बिया. खरा बिज्जू म्हणजे चांदी अस्वल. ते पाठीवर पांढुरके, पोटाकडे काळे, नखे भक्कम. माती उकरण्यात ते पटाईत आहे, पण ते उकरते उंदीर-घुशी, किडे आणि मधासाठी. तेही अस्वल नाही. कुळाने ते पाणमांजराचे नातलग. या सगळ्यांची नावे आपण रात्री, घाबरून ठेवलेली दिसतात.

अपवाद जवादी मांजराचा. त्याच्या ग्रंथीतला सुगंधी पदार्थ अत्तरात वापरत. अरबीत त्याला ज़बाद म्हणतात. त्यावरूनच आपला जवादी शब्द आला आणि इंग्रजांचा सिव्हेटही.

सोलापुरात जुन्या वाड्यांच्या माळवदावर, बंद घरांच्या छतात उदमांजर अजूनही येते. रात्री वर धडधड ऐकू आली तर काठी शोधू नका. दिवसभर ते झोपते आणि अंधार पडला की आपणहून बाहेर जाते. ते बाहेर असताना वाट बुजवून टाका. फक्त आत पिल्ले नाहीत ना, ते आधी पाहा. पिल्ले असतील किंवा जनावर जखमी असेल, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. आणि बॅटरी लावलीत तर ती जिन्यावर पाडा, त्याच्या डोळ्यांवर नको.