जुन्या मोटारीची समोरची कांच

पावसाळ्याचे पहिले चार दिवस गेले, कीं जुन्या मोटारीच्या धन्यास एक अनुभव हटकून येतो. पायाखालचा गालिचा ओला लागतो. गाडी कांचवाल्याकडे जाते, तो रबराच्या कडेनें कसलासा लेप भरून देतो, आणि आठ दिवसांनीं गालिचा पुन्हां ओला! श्रोतेहो, गळतीचें मूळ पुष्कळदां कांचेंत नसतें, नुसत्या रबरांतहि नसतें. तें रबराआड दडलेल्या पत्र्यांत असतें. कांच बदलण्याचा खर्च करावयाचाच, तर हें मूळ आधीं पाहिलें पाहिजे.

अलीकडच्या गाड्यांत कांच चिकट द्रव्यानें सांगाड्यास जखडलेली असते. अम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत व्यवस्था निराळी. रबराच्या जाड पट्टीस दोन खांचा असतात. एकींत कांच बसते, दुसरींत गाडीच्या पत्र्याची कड. सारा भार रबराच्या पकडीवर. वीस-पंचवीस उन्हाळे सोसलेलें रबर ताठर होतें, कोपऱ्यांशीं आक्रसतें, आणि त्या फटींतून शिरलेलें पाणी खालच्या खांचेंत सांचून राहतें. बाहेरून रंग तुकतुकीत आणि आंत पत्र्याची कड जाळीसारखी झालेली, असा प्रकार समुद्रकांठच्या शहरांत तर फारच.

नवी कांच घेतांना ती टफन्ड कीं लॅमिनेटेड, हें विचारावें. टफन्ड कांच तापवून हवेच्या झोतानें एकदम थंड केलेली असते. ती बळकट खरी, पण एखादा खडा वर्मीं लागला, कीं सबंध कांच क्षणांत बारीक तुकड्यांच्या जाळ्यानें भरून जाते आणि चालकास पुढचा रस्ताच दिसेनासा होतो. लॅमिनेटेड कांच म्हणजे दोन कांचा व त्यांच्यामध्यें चिवट पापुद्रा. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेंत १९०३ सालीं एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं, कारण आंत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, असें सांगतात. १९०९ मध्यें त्यांनीं अशा कांचेचें पेटंट घेतलें. मूळची कांच टफन्ड असली तरी नवी लॅमिनेटेडच घ्यावी. येथें काटकसर मला मुळींच मान्य नाहीं. ओळख सोपी आहे : कड निरखली म्हणजे दोन थर आणि मधली बारीक रेघ दिसते. फार जुन्या गाडीची सपाट कांच असेल, तर ती लॅमिनेटेड तावांतून कापून मिळते. बांकदार कांच मात्र त्याच गाडीसाठीं घडविलेली पाहिजे.

कांच काढण्यापूर्वीं वायपर आणि चकाकणारी पट्टी उतरवावी. या पट्टीवर पुष्कळांचा जीव असतो, आणि तो रास्तच आहे, कारण जुन्या गाडीची पट्टी पुन्हां मिळणें दुरापास्त. एक टोंक धरून ती ओढूं नये. एकदां मुरडली, कीं ती मोड उन्हांत जन्मभर चमकते. रबराची ओठाळी थोडथोडी उलटवीत ती सबंध लांबीनें सोडवावी. पोलादी असेल, तर पोंचे लांकडावर ठेवून मागून हलक्या हातानें उठवितां येतात. मुलामा दिलेल्या प्लास्टिकवर हा उपाय चालत नाहीं. पट्टी कांच बसविण्याआधीं रबरांत गेली होती कीं मागाहून, हें उतरवितांनाच पाहून ठेवावें. जुनें रबर पुन्हां वापरावयाचें नसतेंच. तें धारदार पात्यानें कापून टाकलें, म्हणजे कांचेवर जोर न पडतां ती सुटते.

आतां पत्र्याची कड उघडी पडली. गंज घांसून निघाला तर प्रायमर आणि रंग. भोंकें पडलीं असतील तर पत्र्याचें ठिगळ जोडूनच पुढें जावें. भोंकांवर नुसतें पुटिंग थापणारे कारागीर आहेत. त्यांना स्पष्ट नकार द्यावा. रंग पुरता वाळूं द्यावा, मग त्यास दोन दिवस लागोत.

बसविण्याची युक्ति मोठी गमतीची आहे. नवें रबर आधीं कांचेभोंवतीं चढवावें. पत्र्यासाठीं असलेल्या खांचेंत एक मजबूत दोरी सबंध फिरवून तिचीं टोंकें खालीं मध्यभागीं एकमेकांवरून आंत सोडावीं. साबणाचें पाणी लावून दोघांनीं बाहेरून कांच तळव्यांनीं दाबावी आणि तिसऱ्यानें आंत बसून दोरी हळूहळू ओढावी. दोरी निघत जाते तसतशी रबराची ओठाळी पत्र्यावर चढत जाते. मूठ मारूं नये. लॅमिनेटेड कांचेचा कोपरा एका जागींच पडलेला जोर सोसत नाहीं, आणि तेथें पडलेली चीर हमखास पुढें वाढते.

शेवटीं रबर व पत्रा यांमध्यें न वाळणारा लेप भरावा. शिरक्यासारखा वास येणारा सिलिकोन येथें नको; तो वाळतांना आम्ल सोडतो, आणि ज्या गंजासाठीं एवढा खटाटोप केला त्यालाच तें आमंत्रण होतें. दुसऱ्या दिवशीं नळीच्या मंद धारेनें आधीं खालची कड, मग बाजू आणि अखेरीस वरची कड भिजवावी. त्या वेळीं एकानें विजेरी घेऊन आंत बसावें व टपक्यांत कोठें ओल उमटते तें पाहावें.